टिकलीखालचं बटण

पंचशीला : बोलू नका अप्पा, थांबा. एक मिनिट चाळीस... एक्केचाळीस...

शिवमूर्ती : मोबाइलात काय बघून राहिलीस? घरी कोणी आजारी हाय का?

पंचशीला : घड्याळ बघतेय. तुमचं चालू द्या. रोज दुकान उघडल्यावर मशीन लावून टँकरच्या अर्जाचा नमुना काढता ना, तेवढंच करा.

शिवमूर्ती : तेच करून राहिलो. बटण सापडंना. पडद्याची काच पुसलीस का तू?

पंचशीला : काल संध्याकाळी, तुम्ही गेल्यावर. केवढी धूळ होती! खंडेनवमीची टिकलीसुद्धा अजून तशीच होती, खाली डाव्या कोपऱ्यात. म्हटलं श्रावण लागला, पुढची खंडेनवमी तोंडावर आली, मागच्या वर्षीची पूजा किती दिवस ठेवायची? नखानं खरवडून काढली.

शिवमूर्ती : खरवडून.

पंचशीला : वरून स्पिरिट लावून पुसलं. डागसुद्धा राहिला नाही.

शिवमूर्ती : लई चांगलं केलंस. पोरगी बी.एस्सी. झाली, कुठं डाग ठेवत न्हाई.

पंचशीला : दोन मिनिटं आठ. बास, आता सांगते. स्टार्टचं बटण तुम्हाला सापडणार नाही, कारण ते नाहीच.

शिवमूर्ती : न्हाई म्हंजी?

पंचशीला : काढून टाकलंय. मी नाही, कंपनीनं. ही त्यांची कॉम्प्युटर चालवायची पुढची सिस्टीम आहे. बाजारात यायला अजून दोन-तीन महिने आहेत, पण लोकांनी आधी वापरून बघावी म्हणून फुकट दिलीय. विष्णुपुरीच्या कॉलेजात नेट जोरात चालतं. माझ्या भावानं तिथून उतरवून घेतली. रविवारी नांदेडला गेले होते ना, तेव्हा आणली आणि काल टाकली.

शिवमूर्ती : माझ्या मशीनवर.

पंचशीला : हो.

शिवमूर्ती : जी अजून बाजारात न्हाई ती.

पंचशीला : हो. तालुक्यात पहिली. बहुतेक जिल्ह्यातसुद्धा.

शिवमूर्ती : अगं माय, कढईतून निघायच्या आधी भजं कोणी तोंडात टाकतं का? आन् मला का सांगितलं न्हाईस?

पंचशीला : मुद्दाम. नांदेडच्या एका मासिकासाठी मी लिहितेय, या सिस्टीमची पहिली छाप. तज्ज्ञ लोकांनी ढीगभर लिहिलंय. मला असा माणूस पाहिजे होता ज्याला काहीच माहीत नाही. आधी सांगितलं असतं तर निरीक्षण बिघडलं असतं.

शिवमूर्ती : बारावीला बेडूक फाडता तुम्ही. त्याला बी आधी सांगत न्हाईत.

पंचशीला : रागावू नका ना. नुसत्या लेखासाठी नाही केलं. आज नायब तहसीलदार साहेब येणार ना बारा वाजता? तहसीलच्या आवारात टंचाईच्या अर्जांचा बूथ एकालाच मिळणार. तुम्ही, नाही तर गुरुपादप्पा. त्यांनी दुकानाला काचेचं दार बसवलंय, कूलर लावलाय. आपल्याकडं काय आहे? म्हटलं साहेबांनी बघावं, इथं लातूरलासुद्धा नाही ते आहे.

शिवमूर्ती : साहेबांनी बघावं. बरोबर. मी बी बघावं.

पंचशीला : तुम्हाला तासाभरात शिकवते की. अवघड नाही. हे बघा, चालू केल्या केल्या रंगीत चौकोन येतात. हिरवा, जांभळा, निळा. हे काय हवामान, हे फोटो, हे बातम्या. आपला जुना पडदा या एका चौकोनाच्या आत ठेवलाय.

शिवमूर्ती : घर एका देवळीत ठेवलं म्हण की.

पंचशीला : तसंच. आणि पडद्याचे चारही कोपरे आता कामाचे झालेत. माऊस कोपऱ्यात नेऊन थांबवला की काहीतरी निघतं. उजव्या कडेला पट्टी येते. मशीन बंद करायची सोय त्या पट्टीत, त्यातल्या एका खुणेच्या आत, त्याच्याही आत. मला बंद करायला अकरा मिनिटं लागली. लिहून ठेवलंय.

शिवमूर्ती : गावात नवीन हाटेल निघालं तर मोरी कुठं हाय ते आधी दावतात.

पंचशीला : तुम्ही एकदा करून बघा. खाली डाव्या कोपऱ्यात न्या. अजून खाली. अप्पा, तो माझा पाण्याचा तांब्या आहे.

शिवमूर्ती : ठेवलाय कशाला मग मधी?

पंचशीला : मध्ये नाही, तुमच्या समोर आहे. एक विचारू?

शिवमूर्ती : इचारायचं असतं तर कालच इचारलं असतंस.

पंचशीला : मी सकाळपासून निरीक्षणं लिहितेय. वाचते. पहिलं, वापरकर्ता मान उजवीकडं वळवतो, नजर पडद्यावर नसते, कॅलेंडरवर असते. दुसरं, बटण सापडेना तेव्हा त्यानं माऊस हलवायच्या आधी काचेवर बोट फिरवलं, डाव्या कोपऱ्यात. तिसरं, तांब्या. मी यांना सिस्टीमचे दोष समजत होते.

शिवमूर्ती : मग समज की. तुला मासिकाला दोष पाहिजेत ना?

पंचशीला : ती टिकली पूजेची नव्हती.

शिवमूर्ती : साहेब यायला किती येळ हाय?

पंचशीला : अप्पा.

शिवमूर्ती : कटलरीच्या दुकानातून आणली हुती. दहा रुपयाला पाकीट. पडली की दुसरी लावायचो. लाल दिसती मला. म्हंजी दिसायची. बटण टिकलीखाली हाय एवढं कळलं की पुढं बाणाच्या कळा मोजून. वर चार, उजवीकडं एक, परत खाली दोन.

पंचशीला : कधीपासून?

शिवमूर्ती : दोन वर्षं झाली. उदगीरला दावलं. डॉक्टर म्हणला, डोळ्याच्या मागचा पडदा मधी झिजलाय. चष्मा न्हाई, आपरेशन न्हाई. कडंचं ऱ्हाईल, मधलं जाईल. आता तुझ्याकडं बघितलं की तुझे कान दिसतात, तोंड दिसत न्हाई. तोंड बघायचं तर मला त्या कॅलेंडरकडं बघावं लागतंय.

पंचशीला : म्हणजे पडद्यावरचं तुम्हाला सगळ्यात स्पष्ट दिसायचं ते कोपऱ्यातलं.

शिवमूर्ती : आन् कंपनीनं नेमकं तेच काढलं. माझ्यावर लक्ष हाय त्यांचं.

पंचशीला : मला सांगायचं ना. सात महिने झाले मी इथं आहे.

शिवमूर्ती : तुला सांगितलं की तू टिपून ठेवणार. तुझा सोभावच हाय. आन् ह्या धंद्यात एकदा का अप्पाला दिसत न्हाई म्हणून फिरलं, की संपलं. इथं येतंय कोण? ज्यांना वाचता येत न्हाई ते. त्यांचा कागद कोण लिहितो? ज्याला दिसत न्हाई तो. सांग बरं, तू दिला असतास का कागद?

पंचशीला : मला माहीत नाही.

शिवमूर्ती : मला माहीत हाय. बरं, जुनी परत टाक.

पंचशीला : तिची सीडी नांदेडला भावाकडं आहे. आज नाही होणार.

शिवमूर्ती : मग शटर खाली घे. साहेबाला सांग, अप्पा लातूरला गेले. बूथ गुरुपादप्पाला बसू दे.

पंचशीला : मी करून दाखवते तुमच्याऐवजी.

शिवमूर्ती : परवाना माझ्या नावचा. बूथच्या नोटिशीत लिहिलंय, परवानाधारकानं सोता टाइप करून दावावं. आन् सही माझी. ती तेवढी मला येती, न बघता.

पंचशीला : न बघता... थांबा. शटर राहू द्या. हात ठेवा बोर्डावर. नेहमीसारखे, टायपिंगचे.

शिवमूर्ती : परत बेडूक?

पंचशीला : ठेवा तर. आता डावी करंगळी खाली. कंट्रोलच्या शेजारी एक कळ आहे, खिडकीचं चित्र असलेली.

शिवमूर्ती : ती? तिला मी कधी हात लावला न्हाई. टाइपरायटरला नव्हती ती. आठ वर्षं झाली, कॉम्प्युटरवर बसलो तवापून तिला चुकवूनच बोटं ठेवतो.

पंचशीला : दाबा.

शिवमूर्ती : दाबली. काय झालं?

पंचशीला : चौकोन आले. काहीच बघू नका. आता नुसतं टाइप करा. डब्ल्यू, ओ, आर, डी. एन्टर.

शिवमूर्ती : कुठं टाइप करू? लिहायचं खोकं तर दाव.

पंचशीला : खोकं नाही. तुम्ही अक्षर मारलं की ते स्वतःच शोधायला लागतं. माझं ऐका.

शिवमूर्ती : डब्ल्यू. ओ. आर. डी. एन्टर. पुढं?

पंचशीला : मनात दहा मोजा. आता कोरा कागद उघडलाय. मराठीची कळ तुमची नेहमीचीच, मी ती नीट बसवलीय. लिहा काहीतरी.

शिवमूर्ती : प्रति, मा. तहसीलदार साहेब. विषय, पिण्याच्या पाण्याचा टँकर मिळणेबाबत. उमटलं का?

पंचशीला : उमटलं. आता कंट्रोल आणि पी. एन्टर. एकोणपन्नास सेकंद!

शिवमूर्ती : छापलं?

पंचशीला : हे घ्या, हातात. अप्पा, तुमच्या लक्षात येतंय का? सगळं जग ओरडतंय, बटण कुठं गेलं म्हणून. ज्यांना दिसतं ते सगळे कोपरे चाचपून राहिलेत. तुम्ही शोधलंच नाही.

शिवमूर्ती : मला शोधायला मिळत न्हाई म्हणून. परत एकदा लावू का? डब्ल्यू, ओ...

केवळाबाई : हाय का कोणी? अप्पा! का समदे नव्या जिल्ह्याच्या मीटिंगला गेले?

शिवमूर्ती : या सरपंचबाई. पंचशीला, ह्या माळवाडीच्या केवळाबाई. हळू बोला, समोरच बसलोय.

केवळाबाई : हळू बोलून सा महिन्यात काय मिळालं? आडात खरवड सुदिक ऱ्हाईली न्हाई. लवकर अर्ज लिवा बरं. ठराव आणलाय, शिक्का आणलाय. मला साहेब जाग्यावर हाय तवर द्यायचाय. कधी कुठं पळतील भरवसा न्हाई. मघाशी आवारात जमलेत समदे, गुलाल का काय आणायला लावलाय. जिल्हा होणार म्हणं आपला तालुका.

पंचशीला : अजून कमिटीच यायचीय, आजी. नुसती निवेदनं देऊन राहिलेत.

केवळाबाई : जिल्हा झाला तर पानी येतंय का? मग होऊ द्या, दोन होऊ द्या. अन् हे काय ओ? टीव्ही घेतला का? कसं लाल-हिरवं-पिवळं. आमच्या सासूनं शिवलेल्या वाकळंवानी.

पंचशीला : हे लिहून घेते. वापरकर्ती दुसरी, वय?

केवळाबाई : कुणाचं वय? माझं? साठीच्या अल्याड का पल्याड ते ह्या अप्पाला माहीत, माझा आधार त्यानंच भरलाय. तू कुठली गं माय?

पंचशीला : मूळ चाकूरकडची. वडील नांदेडला जलसंपदात आहेत.

केवळाबाई : पान्याच्या खात्यात! अन् आमच्याकडं टँकरचा अर्ज लिवून राहिली! बापाला सांग की जरा नळ सोडा म्हणून.

पंचशीला : धरणातच नाही तर ते काय सोडतील? ते रोज नुसती पातळी मोजून लिहितात.

शिवमूर्ती : बापाचंच वळण हाय मग. सरपंचबाई, जरा बसा. साहेब बारा वाजता हिकडंच येणार हाय. तुमचाच अर्ज त्याच्यासमोर टाइप करून दावतो. परीक्षा हाय माझी.

केवळाबाई : ह्या वयात?

शिवमूर्ती : मला बूथ द्यायचा का न्हाई ते बघणार. आवारात, कडुलिंबाखाली. पंखा, टेबल, लाइट सरकारची. मिळाला तर हे भाडं सुटंल. न मिळाला तर सगळे अर्ज तिकडंच जाणार, मग हे शटर उघडून काय करू?

केवळाबाई : तुम्हाला न्हाई तर कुणाला देतील? उगं काळजी करता. कधीपून लिवता तुम्ही?

शिवमूर्ती : ब्याऐंशीपून. लातूर नवा जिल्हा झाला तवा मी उस्मानाबादेत रोजंदारीवर टाइपिस्ट हुतो. टेबलं, कपाटं, दप्तरं, समदं ट्रकात घालून हिकडं आणलं आमी. पंचशीला, हे लिही तुझ्या मासिकात. जिल्हा एका दिवसात बदलला, पण लोकं वर्षभर उस्मानाबादच्याच गाडीत बसायची. तिथं उतरायची, कचेरीच्या पायऱ्या चढायची, मग शिपाई सांगायचा, बाबा, तुमचा कलेक्टर आता लातूरला. लोकं खाली मान घालून परतायची आन् पुढच्या महिन्यात परत तिथंच. डोक्याला कळलेलं असायचं. पायाला कळायचं न्हाई.

पंचशीला : मग पायाला कधी कळलं?

शिवमूर्ती : काहींच्या कळलंच न्हाई. मेले बिचारे उस्मानाबाद जिल्ह्यात.

केवळाबाई : जीप आली बगा. साहेबच हायेत. पुढं बसलेत.

पंचशीला : अप्पा, खिडकीची कळ. मग मोजून दहा. माऊसला हातच लावू नका.

शिवमूर्ती : हाव. तू फक्त तो तांब्या उचल हितला.

(पाऊण तासानंतर. तेच दुकान. जीप निघून गेली आहे. पंचशीलाला साहेबांनी बाहेर थांबायला सांगितलं होतं. ती आता समोरच्या हॉटेलातून रस्ता ओलांडून आत येते.)

पंचशीला : काय झालं? मला तिथून नुसती साहेबांची पाठ दिसत होती. एवढा वेळ का लागला?

केवळाबाई : अगं, अप्पाला कुठं येळ लागला? साहेबालाच लागला. अप्पा बसले, टकटक टकटक केलं, कागद बाहेर. आमच्या गावची समदी हकिगत तोंडपाठ. आड किती, हापसे किती, ते बंद कधी पडले. ठराव उघडून सुदिक बघितला न्हाई, मलाच इचारलं, लोकसंख्या किती? मी सांगितलं, त्यांनी मारलं.

शिवमूर्ती : पावणेपाच मिनिटं. साहेबानं घड्याळ लावलं हुतं. आज समदेच माझ्यावर घड्याळ लावून राहिलेत.

पंचशीला : मग?

केवळाबाई : मग साहेब म्हणले, सरका अप्पा, मी बगतो ही नवी भानगड. बसले. ते माऊस घेऊन असं घासायला लागले, असं घासायला लागले, जसं का तव्याचं करपलेलं काढून राहिलेत. स्टार्ट कुठंय, स्टार्ट कुठंय. खाली जातेत, वर जातेत. मधीच एका चौकोनावर पडलं बोट, आन् काय सांगू, सगळ्या पडद्यावर पाऊस!

पंचशीला : पाऊस?

केवळाबाई : खरा! काळं आभाळ, धारा. मी म्हणलं साहेब, हे कोणतं गाव? म्हणले, परदेशातलं हाय, हवामान दावतंय. म्हणलं आमच्या माळवाडीचं दावा की. तर दुसरीकडं जाता येईना त्यास्नी. येईना ते येईना. मग आमी तिघं बसलो तसंच पाऊस बगत.

शिवमूर्ती : मी न्हाई बघितला. मी म्हणलं, साहेब, राहू द्या, आन् मी ती खिडकीची कळ दाबली. गेला पाऊस.

पंचशीला : आणि साहेब?

शिवमूर्ती : घाम पुसला. म्हणले, अप्पा, नजर लई तेज हाय तुमची. मला तर पन्नाशीतच चष्मा लागला.

पंचशीला : असं म्हणाले?

शिवमूर्ती : लिहून बी दिलं. परीक्षा समाधानकारक. सोमवारपून बूथ माझा. गुरुपादप्पाच्या हितं त्यांनी आधी बघितलं हुतं. त्याचा ऑपरेटर रजेवर, त्याला सोताला चालू बंद सोडून काही येत न्हाई.

पंचशीला : अप्पा! मिळाला!

केवळाबाई : तोंड गोड करा आता. नुसत्या टाळ्या नकोत.

शिवमूर्ती : सांगा तिकडं, तीन चहा. माझ्या नावावर.

केवळाबाई : मीच सांगून येते. न्हाईतर तुमचा आवाज रस्त्याच्या पल्याड जात न्हाई. अन् माझा अर्ज साहेब घेऊन गेलेत बरं का, फायलीत लावून. आवक नंबर टाकतो म्हणले. आपल्यापाशी दुसरी प्रत हाय, मला नीट घडी करून द्या.

पंचशीला : गेल्या त्या. अप्पा, मी लेखात काय लिहू?

शिवमूर्ती : लिही की, चांगली हाय सिस्टीम. तेवढं ते मोरीचं बी लिही.

पंचशीला : नाही, खरं जे सापडलं ते. ज्यांना पडदा दिसतो त्यांना ही सिस्टीम अवघड जाते आणि ज्याला दिसत नाही त्याला सोपी. हे कुणीच लिहिलेलं नाही. साहेब अडकूनच बसले आणि तुम्ही पावणेपाचात सुटलात, याला दुसरं कारणच नाही.

शिवमूर्ती : आन् ज्याला दिसत न्हाई तो कोण, हे इचारलं तर?

पंचशीला : नाव नाही घालणार.

शिवमूर्ती : ह्या तालुक्यात ही सिस्टीम किती ठिकाणी हाय?

पंचशीला : एका.

शिवमूर्ती : मग नाव घालायचं काय ऱ्हाईलं? मासिक नांदेडचं असलं तरी एस.टी. रोज येती. सोमवारी बूथ घेतो आन् मंगळवारी छापून येतो. लिहायचं न्हाई.

पंचशीला : मग सोपी का गेली, त्याचं कारण काय सांगू? खोटं लिहू?

शिवमूर्ती : अर्धं लिही. सरकारात समदे अर्धंच लिहितात.

पंचशीला : आणा ती दुसरी प्रत. आजींना घडी करून ठेवते. ...अप्पा, माळवाडीची लोकसंख्या किती सांगितली त्यांनी?

शिवमूर्ती : बाराशे त्रेसष्ट.

पंचशीला : ठरावातही तेच आहे. इथं तेवीसशे चौऱ्याहत्तर आहे.

शिवमूर्ती : कसं शक्य हाय? एक, दोन, सहा, तीन. मी म्हणत म्हणत मारलं.

पंचशीला : दोन, तीन, सात, चार. प्रत्येक आकडा एकानं पुढं. तुमचा हात एक कळ उजवीकडं सरकला. अक्षरं बरोबर आहेत, आकड्यांच्या ओळीलाच सरकलाय. सगळीकडं. वाड्यावस्त्या दोन, इथं तीन झाल्यात.

शिवमूर्ती : आन् साहेबानं वाचला तो.

पंचशीला : वाचला असेल तर. समाधानकारक लिहिलंय ना.

केवळाबाई : चहा सांगितला. बिनसाखरेचा एक सांगितलाय, मला शुगर हाय. काय झालं? तोंडं का उतरली?

पंचशीला : आजी, अर्जात चूक झालीय. तुमच्या गावची लोकसंख्या जास्त पडलीय. जवळजवळ दुप्पट.

केवळाबाई : दुप्पट? मग टँकर?

पंचशीला : माणशी वीस लिटर धरतात. म्हणजे दोन खेपांच्या जागी चार होतात.

केवळाबाई : चार! मग चूक कुठं झाली? ऱ्हाऊ द्या की! अप्पा, सोन्याचा हात हाय तुमचा. मीच चुकून बाराशे सांगितलं असंल.

शिवमूर्ती : केवळाबाई, साहेब वाचत न्हाई, पर कोणीतरी वाचतंय. हा कागद जनगणनेच्या यादीशी लावतात. जुळला न्हाई की शेरा मारतात, खोटी माहिती, अन् परत. मग पुन्ना ठराव, पुन्ना शिक्का. पंधरा दिस जातील.

केवळाबाई : पंधरा? पंधरा दिस काय प्यायचं? टाइप करताना दिसलं न्हाई का तुम्हाला? डोळ्यासमोर तर हुतं.

पंचशीला : आजी, ती नवी सिस्टीम आहे ना, काल मीच बसवलीय, तिच्यात असं...

शिवमूर्ती : गप बस पंचशीला. सिस्टीमला नाव ठेवू नको. चांगली हाय ती. सरक, मी दुसरा लिहितो. सरपंचबाई, हा घेऊन साहेबाकडं आताच जावा अन् म्हणा, मघाचा काढा, हा लावा. आन् अप्पानं निरोप दिलाय म्हणा, बूथमधी दोन खुर्च्या लागतील.

केवळाबाई : दोन कशाला?

शिवमूर्ती : सांगतो. डब्ल्यू, ओ, आर, डी. ...आठ, नऊ, दहा. प्रति, मा. तहसीलदार साहेब...

पंचशीला : आकड्याला थांबा. हात जरा डावीकडं सरकवा. हां, आता.

शिवमूर्ती : एक. दोन. सहा. तीन. ...बास. छापला. हा घे पंचशीला, वाचून दाव ह्यास्नी, पहिल्यापून. मला दिसत न्हाई.

केवळाबाई : वाच माय. सावकाश वाच. तवर थांबंल साहेब.